दोन बटणांमधले टाके

प्रिय टाचणी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. दुकान जागेवर आहे, मशीन चालू आहे आणि तुझी आईही ठणठणीत आहे, फक्त कालपासून माझ्याशी बोलत नाही. आज बसच्या ड्यूटीवर निघताना तिने चहाचा कप माझ्यापुढे असा आपटला की अर्धा चहा बशीत. मी म्हटलं, अगं, फुटेल ना. तर म्हणाली, फुटू दे. चोवीस तासांत एवढंच संभाषण. का, ते पुढे येईलच, पण मला माझ्या क्रमाने सांगू दे. आधी खांदे जोडायचे, मग कॉलर लावायची, याशिवाय मला कुठलंच काम जमत नाही हे तुला माहीत आहे.

आज रविवार, दुकान बंद. शटर अर्धं ओढून मी कापायच्या मोठ्या टेबलाशी बसलोय. फोन करता आला असता, पण फोनवर मला खोटं फार पटकन सुचतं. पलीकडून कुणी 'काय झालं?' विचारलं की तोंडातून आपोआप 'काही नाही, सहज' निघून जातं. कागदावर ते जमत नाही. म्हणजे जमतं, पण मग वाचून स्वतःचीच लाज वाटते आणि फाडावं लागतं. दोन कागद फाडून झालेत, हा तिसरा.

आधी बातम्या. बँडमास्तर परवा पुन्हा कंबर सैल करून घ्यायला आले. या वर्षातली तिसरी वेळ. कापड आटतंय असं त्यांचं ठाम मत आहे. मी म्हटलं, मास्तर, कापड आटत नाहीये, तुम्ही फुगताय. तर म्हणाले, तोंड सांभाळून काम करा, आणि छोट्या मास्तरीणबाई कुठे आहेत? मी सांगितलं, दहा दिवस आत्याकडे गेली आहे. आत्या तुला पहाटे उठवून फिरायला पळवत असेल. सहन कर. लहानपणी तिने मलाही पळवलंय, आणि ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती.

शिवाय काल एकाच दिवसात सात तयार पँटी आल्या. एकाला लांब, दुसऱ्याला आखूड, तिसऱ्याच्या कमरेत अजून एक माणूस मावेल. तीस वर्षं मी हेच बघतोय गं. कारखान्यातून आलेला कपडा कधीच कुणाला बसत नाही. मग तो माझ्याकडे येतो, मी दोन बोटं आत घेतो, नाहीतर शिवणीत माया म्हणून ठेवलेलं जादा कापड सोडून दोन बोटं बाहेर काढतो, आणि माणूस आरशात बघून खूश होतो. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला एक खोड लागते. जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या हाताने थोडी आत-बाहेर केली की बसेल, असं वाटायला लागतं. ही खोड लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता तुझ्या पाकिटाकडे येतो. तू जाताना खडूच्या डब्याखाली ठेवून गेलीस ते. तिकीट लावलेलं, वर चिठ्ठी: 'बाबा, हे पेटीत टाका.' पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं. वाचायला नको होतं, मान्य, पुढच्या वेळी डिंक लाव. नाटकांचे कपडे शिवायला शिकवणारी ती शाळा. दीडशे मुलांतून चौदा निवडली, त्यात तू. आणि त्यांना तू लिहिलंस की प्रकृतीच्या कारणाने मला येता येणार नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. इतक्या सुबक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. नाही म्हणायचं तर निदान अक्षर तरी वाईट काढावं की नाही माणसाने!

निवडीचं पत्र आलं तेव्हा तू अख्खी संध्याकाळ त्या वसतिगृहाच्या फोटोकडे बघत होतीस. खोलीला खिडकी आहे, खिडकीखाली टेबल आहे, टेबलावर मशीन मावेल, हे मला तीनदा सांगितलंस. मग नाही का म्हणालीस? आईने विचारलं तेव्हा तू सांगितलेलं तिने मला जसंच्या तसं सांगितलं. एक दिवसही औषध चुकवलं नव्हतं, तरी ते दुखणं परत आलं. मग तिथे एकटी असताना आलं तर मला कोण धरणार? तिथे बस चालवायला तू नसशील, आई. हे सांगताना तुझी आई भांडी घासत होती. नळ चालू ठेवूनच ती रडली, म्हणजे मला ऐकू येऊ नये. मला ऐकू आलं.

त्यांना उत्तर शुक्रवारपर्यंत पोचायला हवं. पाकीट मी अजून टाकलेलं नाही.

तू तीन वर्षांची होतीस तेव्हा याच टेबलाखाली बसायचीस. मी दिवसभर टाचण्या पाडायचो आणि तू लोहचुंबक घेऊन त्या गोळा करायचीस. तशीच बारीक, टोकदार, आणि जिथे नको तिथे नेमकी टोचणारी. वाचायला शिकलीस तशी एकदा नगरपालिकेच्या साहेबांना तू त्यांच्या पोटाचं माप सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलंस. तेव्हापासून तू टाचणी. ही मुलगी एक दिवस तासन्‌तास भिंतीकडे बघत बसेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला दुकानातून हाकलून दिलं असतं.

चौदाव्या वर्षी तू गप्प झालीस. आधी शाळेतून येऊन झोपायचीस, मग शाळेतच जाईनाशी झालीस. केस विंचरायचे नाहीत, अंघोळ नको, ताट समोर आलं की तोंड फिरवायचीस. तुझ्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, वय आहे, होतं असं. मला ते लगेच पटलं, कारण मला पटायला हवं होतं. आणि मी काय केलं? ओरडलो. आळशी म्हटलं, नाटकं म्हटलं. एका सकाळी तुझ्या अंगावरची चादर खेचून काढली, तर तू नुसती बघत राहिलीस. रागावलीसुद्धा नाहीस. ती निळी चादर अजून कपाटात आहे. ती दिसली की मला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

आणि मग एका आठवड्यात सगळं पालटलं. बँडचे अकरा कोट अस्तर बदलायला आले होते, आठवतंय? साधं काळं अस्तर लावायचं काम. तू उठलीस, न्हालीस, दुकानात येऊन बसलीस आणि म्हणालीस, मी करते. चिंध्यांच्या पोत्यातून तुकडे काढून तू प्रत्येकाच्या कोटाला आतून त्याचं वाद्य शिवलंस. एकाला तुतारी, दुसऱ्याला ढोल, बासरीवाल्याला तर बोटांसकट बासरी. वरून काळा कोट, बटण उघडलं की आत जत्रा. मास्तर रडले. मी काय, हवेतच होतो. पोरीच्या हातात काय आहे बघा, म्हणून अख्ख्या रस्त्याला सांगत सुटलो. तू जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस, शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून बाहेर पडत होते, हे मला दिसत होतं. पण तीन महिन्यांनी पोर बोलतेय, हसतेय, तर कोण कशाला अडवेल? पाचव्या दिवशी तू एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा सूट पडदा करायला म्हणून फाडलास. मी हात धरला तर आरसा फोडलास. त्यानंतरचं तुला फारसं आठवत नाही, आणि मी आठवण करून देणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी 'बायपोलर' हा शब्द उच्चारला तेव्हा मला वाटलं, मशीनच्या मोटरचा काहीतरी भाग असावा. त्यांनी समजावून सांगितलं. मन कधी खूप वर जातं, कधी खूप खाली, आणि मधल्या पायरीवर थांबणं त्याला जमत नाही. हा आजार मोठ्यांना होतो तसा मुलांनाही होतो, फक्त मुलांमध्ये ओळखायला उशीर लागतो, कारण झोप, चिडचिड, अभ्यास, सगळं वयाच्या नावावर खपून जातं. मी विचारलं, आमचं काही चुकलं का? तर म्हणाल्या, आजार तुमच्यामुळे नाही आणि तिच्यामुळे तर नाहीच. पण यापुढे तिला सांभाळताना चुका होतील, त्या मला सांगत जा. चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या. मी मान हलवली. त्या वेळी ते किती सोपं वाटलं होतं.

रोजचं मन कसं होतं ते लिहून ठेव, असं त्यांनी तुला सांगितलं, आणि तू वही घ्यायचं सोडून कॉलरमध्ये घालतात त्या कडक बक्रमची पट्टी घेतलीस. मधून निळ्या दोऱ्याची सरळ ओळ. दिवस बरा गेला तर ओळीवर एक टाका, मन वर गेलं तर लाल टाका ओळीच्या वर, खाली गेलं तर राखाडी टाका खाली. जितकं वर-खाली, तितका टाका लांब. डॉक्टरीणबाईंनी ती पट्टी हातात घेतली आणि एकेका टाक्यावरून बोट फिरवत गेल्या. मग म्हणाल्या, पंचवीस वर्षांत इतका स्पष्ट तक्ता मला कुणी दिला नाही. तुझे कान लाल झाले होते.

औषध लागू पडलं. सहा महिन्यांत पट्टीवरचे टाके ओळीजवळ आले. पण त्या गोळ्या! एवढ्या मोठ्या, तुझ्या घशाखालून उतरायच्या नाहीत. मग सकाळ-संध्याकाळ मी त्या कुटून चमचाभर मधात कालवून द्यायचो. आई पहाटे पाचला बसवर आणि संध्याकाळी आल्यावर आडवी, त्यामुळे ते काम माझं. तू डोळे मिटून तोंड उघडायचीस, लहान असताना उघडायचीस तसंच. काय घालतोय हे एकदाही बघितलं नाहीस.

आणि तुझे हात थरथरायला लागले. फार नाही, पण आपल्या धंद्यात थोडंही फारच असतं. एका दुपारी तू सुईत दोरा ओवत होतीस. दोरा चाटलास, टोक कापलंस, पुन्हा प्रयत्न केलास. सात वेळा. मी मशीनवर खाली मान घालून बसलो होतो आणि मोजत होतो. आठव्या वेळी तू सुई माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, बाबा, ओवून द्या ना. अगदी साध्या आवाजात, तक्रारसुद्धा नाही. ज्या पोरीने अकरा कोटांत जत्रा शिवली, तिला मी दोरा ओवून दिला. त्या दिवशी मी फार विचार केला. मी फार विचार केला की काहीतरी बिघडतं, असं तुझी आई म्हणते.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस आठवतात तुला? मला एकेक आठवतो. तुझा हात स्थिर झाला. पहिल्या फटक्यात दोरा सुईत जायला लागला. गुणगुणत तू त्या नवऱ्या मुलीच्या झग्याला नव्वद काजं केलीस, एकही वाकडं नाही. इस्त्रीवाले काका म्हणाले, पोर परत आली तुमची. मी म्हटलं, आलीच आहे. मनात मी इतका खूश होतो, इतका शहाणा समजत होतो स्वतःला, की विचारू नकोस. मग पट्टीवर लाल टाके वर सरकायला लागले. एक बोट, दीड बोट. तू लवकर उठायला लागलीस, मग फारच लवकर. शब्द पुन्हा एकमेकांच्या पायात पाय घालायला लागले. मला दिसत होतं, टाचणी. नीट दिसत होतं. उद्या बघू म्हणत राहिलो.

मग ती दुपार. तू टेप गळ्यात अडकवून आईच्या बसमध्ये चढलीस आणि प्रवाशांची मापं घ्यायला लागलीस. सगळ्यांना नवे कपडे देणार, फुकट. आधी लोक हसले. आई आरशातून बघत होती, पुढच्या थांब्यावर बाजूला घेईन म्हणून. सिग्नलला गाडी थांबली, पलीकडे कापडाचं दुकान दिसलं आणि तू दार उघडून वाहनांच्या मधून पळत सुटलीस. ड्रायव्हरने सीट सोडायची नाही, हा त्यांच्या खात्यातला पहिला नियम. बावीस वर्षांत तिने पाणी प्यायलाही सोडली नव्हती. भर रस्त्यात चालू इंजिन आणि भरलेली बस सोडून ती धावली, आणि ट्रकच्या पुढ्यातून तिने तुला मागून कॉलरला धरून ओढलं. ती कॉलर मी शिवलेली, दुहेरी शिलाईची, म्हणून टिकली, असं मी नंतर एकदा हसत म्हणालो. आई हसली नाही. तिची चौकशी झाली, आठ दिवस घरी बसवलं. चौकशीत तिने एकच वाक्य लिहून दिलं: पुन्हा असं झालं तर पुन्हा सोडीन.

तू पाच आठवडे दवाखान्यात होतीस. चौथ्या आठवड्यात तू शुद्धीवर आल्यासारखी माझ्याकडे बघून विचारलंस, बाबा, मी एकही चमचा चुकवला नव्हता ना? मी म्हटलं, नाही बाळा, एकही नाही. ते अक्षरशः खरं होतं. चमचा एकही चुकला नव्हता.

आता आलं ना लक्षात? माझी टाचणी हुशार आहे, पण तरी मी माझ्या हाताने लिहितो, कारण हे तुला ओळखावं लागू नये. सुई ओवून दिली त्याच संध्याकाळी मी शिवण उसवायच्या ब्लेडने गोळीचे दोन तुकडे केले आणि तुझ्या मधात अर्धाच घातला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. उरलेले अर्धे तुकडे मी शिंगाच्या बटणांच्या डब्यात टाकत गेलो. कुणाला विचारलं नाही. मला वाटलं, कारखान्यातून आलेलं माप आहे, सगळ्यांना एकच, माझ्या पोरीला मोठं होतंय, दोन बोटं आत घेऊ. तीस वर्षांची खोड. तू दवाखान्यात गेल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्तात औषध कमी दिसतंय, डोस वाढवावा लागेल. तेव्हा मात्र मी तसाच उठलो. मी घरी गेलो आणि तो डबा आणून त्यांच्या टेबलावर उपडा केला. बटणं आणि अर्ध्या गोळ्या, सगळं एकत्र. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तिचे हात थरथरतात, हे मला का नाही सांगितलंत? त्याला उपाय आहे. आणि खरंच, वेळा बदलल्या, एक छोटी गोळी जोडली, थरथर जवळपास गेली. एक वाक्य बोलायचं होतं, टाचणी. एक वाक्य बोललो असतो तर तू त्या रस्त्यावर धावली नसतीस.

त्यांनी मला बजावलं की हे तिला तुम्हीच सांगायचं, ती सावरली की लगेच, मी शेजारी बसेन. त्याला अकरा महिने झाले. दर भेटीत त्या चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघतात आणि मी छताच्या पंख्याकडे बघतो. गेल्या वेळी तू रक्त द्यायला आत गेलीस तेव्हा म्हणाल्या, आता तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन. तुझ्या आईला काल सांगितलं. ती उठून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. कपाचं तुला सांगितलंच. तूही हवे तितके दिवस बोलू नकोस. मला घाबरट म्हण, अतिशहाणा म्हण. माफी मी मागतोच आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. माफीला वेळ लागला तरी चालेल, त्या शाळेला शुक्रवारपर्यंतच वेळ आहे.

पत्र लिहिलं ते सोबतच्या या गुंडाळीसाठी. तुझी जुनी पट्टी आहे, तुला बघवत नाही म्हणून तू ड्रॉवरच्या तळाशी टाकली होतीस ती. तिच्यावर मी बँडच्या कोटाची दोन पितळी बटणं लावली आहेत. पहिलं, मी गोळी कापली त्या दिवशी. दुसरं, दवाखान्यात नर्सने तुला पहिली अख्खी गोळी दिली त्या दिवशी. पट्टी टेबलावर सरळ पसर आणि पहिल्या बटणाच्या आधीचे टाके बघ. मग दुसऱ्या बटणाच्या पुढे, दवाखान्यात नर्ससमोर बसून तू घातलेले टाके हळूहळू ओळीकडे कसे परत येतात ते बघ. मग आत्याकडे नेलेली तुझी नवी पट्टी शेजारी ठेव. अकरा महिने, आणि गोळ्या आता तू स्वतः गिळतेस, माझा चमचा मध्ये नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ती जाऊ शकते का? म्हणाल्या, पुन्हा होणारच नाही असं मी लिहून देणार नाही, कुणीच देणार नाही. पण तिला स्वतःचं मन टाक्याने मोजता येतं, त्या गावात माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, ती जाऊ शकते. तू न चुकता औषध घेतलंस आणि तरी ते परत आलं, असं तुला वाटतं, आणि त्यावर तू नाही म्हणतेस. ते खरं नाही, पोरी. तू चुकली नाहीस, औषधही चुकलं नाही. तुझं पाकीट सोबत परत पाठवतोय, तिकीट तसंच आहे. आत्याच्या दारासमोर टपालपेटी आहे. तुला जायचं नसेल तर खुशाल नाही कळव, मी एक शब्द बोलणार नाही. पण ते 'नाही' माझ्या चुकीवर बेतलेलं नको. दोन बटणांच्या मधले टाके माझे आहेत. बाकी सगळी पट्टी तुझी आहे.

तुझाच,
दोरा ओवून द्यायला कायम हजर असलेला,
आणि यापुढे आधी विचारणारा,
बाबा